वाढप्याची बदली

लग्नाच्या पंगतीत आग्रह करून वाढण्यात आमच्या घराण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही. पाहुण्याने पानावर हात आडवा धरला, की बोटांच्या फटीतून जिलबी सोडायची, ही विद्या मी वडिलांकडून शिकलो. इथे जपानात, तोयोसुच्या ऑफिसात तिला किंमत शून्य. त्यामुळे आमच्या निशी-कसाईच्या घरापासून तासाभरावर एका बागेत दर रविवारी दुपारी बेघरांना करी-भात वाढतात आणि वाढायला माणसं कमी पडतात असं कळलं, तेव्हा मी बायकोला म्हणालो, "आता बघच."

तिथलं सगळं बघणाऱ्या बाई सत्तरीच्या. त्यांनी आधी मलाच रांगेचं टोक दाखवलं. त्यांची तरी काय चूक? रांगेतल्यांचे शर्ट इस्त्रीचे होते, माझा चुरगळलेला. गैरसमज दूर झाल्यावर त्यांनी माझ्या हातात डाव दिला आणि सांगितलं, "सगळ्यांना सारखं."

पहिले होते एक आजोबा. मी वाढायला लागताच त्यांनी वाडग्यावर हात धरला. "अर्धाच. पुरे."

आता पहिल्यांदा नको म्हणायचंच असतं, हे काय मराठी माणसाला सांगायला हवं? "आजोबा, लाजू नका," म्हणत मी डाव उपडा केला. त्यांनी वाकून आभार मानले. दुसराही अर्धाच म्हणाला, तिसराही. मी कुणाचंच चालू दिलं नाही. कितीतरी वर्षांनी आपण कुठेतरी उपयोगी पडतोय असं वाटत होतं.

मग डाव पातेल्याच्या बुडाला खडखडला. रांगेत अजून नऊ माणसं होती.

बाईंनी रिकामं पातेलं बाजूला सरकवलं. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. पुढची माणसं लाजत नव्हतीच; पातेल्यात किती आहे आणि मागे किती जण आहेत, हे त्यांनी कधीच पाहून ठेवलं होतं. पाहिलं नव्हतं ते फक्त मी.

सगळ्यांना मिळाल्यावरच जेवायचं, अशी तिथली रीत. त्यामुळे आजोबांचा वाडगा तसाच भरलेला होता. ते उठले, थेट शेवटच्या माणसापाशी गेले आणि अर्धा भात त्याच्या वाडग्यात सरकवला. मग एकेक जण उठला. माझ्याकडे कुणी रागाने पाहिलंसुद्धा नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या रविवारी माझी बदली झाली. बाईंनी डाव काढून घेतला आणि हातात लांब दांडीची पाटी दिली, 'रांग इथे संपते'. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "बरं झालं. पाटीला आग्रह करता येत नाही."

पाटीपाशी उभं राहिलं की पातेलं दिसत नाही, नुसत्या पाठी दिसतात. त्या दिवशी उशिरा एकजण धापा टाकत आला. माझ्याच वयाचा, सगळा संसार दोन पिशव्यांत. टाचा उंचावून त्याने पुढे पाहिलं आणि हळूच विचारलं, "पुरेल ना?"

"पुरेल," मी म्हणालो. "पुढे आजोबा आहेत."