अस्मिताचं इंजिन

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. लाज वाटते म्हणून? खरं सांगू का — आता लाजही वाटत नाही, काहीच वाटत नाही. म्हणूनच बहुधा सांगायला जमतंय.

लोणावळ्यात आमचं छोटं ऑफिस. बंगले भाड्याने देणाऱ्यांच्या वेबसाइट बनवायच्या, सगळं काम पीएचपी या प्रोग्रामिंगच्या भाषेत. शनिवार आला की बुकिंगवर उड्या पडायच्या आणि साइट आचके द्यायची. अस्मिता तेव्हा नवीन होती, कामशेतची. तिला कायम करायचं की नाही, ते अजून ठरायचं होतं. ती म्हणाली, पीएचपी चालवणारं सर्व्हरचं इंजिनच बदलू या. जुनं इंजिन प्रत्येक गिऱ्हाइकासाठी सगळा प्रोग्राम पहिल्यापासून उघडतं; नवं एकदाच उघडतं आणि तयार ठेवतं. बरोबरच होतं तिचं. पण जुनं मी बसवलेलं ना! कालची पोर मला शिकवणार?

साहेबांनी दोन्हींची तुलना करायला सांगितली — मला. अनुभवी म्हणून.

आता तुम्हीच सांगा, तवा तापायच्या आत घातलेलं पहिलं घावन कधी नीट सुटतं का? इंजिनाचंही तसंच, सुरू केल्यावर पहिल्या खेपेला ते रखडतंच. मी जुन्याला आधी चांगलं तापू दिलं, मग वेळ मोजला. तिचं मात्र दर चाचणीआधी बंद करून पुन्हा चालू केलं — म्हणजे दर वेळी पहिलंच घावन. तिचं इंजिन हरलं. हरलं कसलं — मी हरवलं. चुकून नाही, अगदी समजून-उमजून.

मीटिंगमध्ये साहेब तिला म्हणाले, अभ्यास कच्चा आहे तुझा. ती माझ्याकडे बघत होती. ‘पुन्हा मोजतो’ — एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मी पाणी प्यायलो. महिनाअखेरीस तिला नारळ मिळाला. जाताना उलट मलाच सॉरी म्हणाली, तुमचा वेळ घालवला म्हणून.

काही वर्षं गेली. साइट अजून शनिवारी आचके देते. परवा कामशेतच्या बाजारात अस्मिता भेटली, आईबरोबर. पवनेकडच्या एका रिसॉर्टवर फोन घेते आता. कॉम्प्युटरचं काम सोडलंस का, असं मी विचारलं. का विचारलं असेल? मला काय माहीत नव्हतं?

ती हसली. “माझं डोकंच नाही दादा त्यात. तेव्हाच कळलं ना.”

तिला ते खरंच वाटतं. माझं खोटं तिनं स्वतःबद्दलचं खरं म्हणून धरून ठेवलंय.

तिची आई म्हणाली, “भाऊ, तुमी लय सांभाळून घेतलं हिला. अजून नाव घेती तुमचं.”

मी म्हणालो, “त्यात काय, मावशी. माझं कामच होतं ते.”