तोकडी साखळी

मोजणी खात्यात लागून मला जेमतेम वर्ष झालं होतं. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं उलटली होती. सरकारी माणूस म्हणजे लोकांना आपलाच वाटणार, अशी माझी समजूत. खात्याची मोजणीची साखळी घेऊन चोपड्याजवळच्या एका गावी फेरमोजणीला गेलो, तर पहिल्याच वावराच्या बांधावर एक म्हातारी ठाण मांडून बसलेली. गाव तिला अक्का म्हणे. मागे पंधरा-वीस शेतकरी वाट अडवून उभे होते.

अक्कानं सांगितलं ते असं. कंपनीच्या अमलात गोरा साहेब अशीच साखळी घेऊन आला होता. मोजणी झाली की शेतसारा वाढणार, हे ओळखून गावोगावचे शेतकरी जमले आणि त्यांनी मोजणीदारांना हुसकून लावलं. मग पलटण आली. तिच्या आजेसासऱ्याला हात बांधून नेलं. तो परतला नाही.

"अक्का, आता राज्य आपलं आहे," मी म्हणालो.

"राज्य आपलं शे. पन ही साखळी कोनाची शे?" तिनं विचारलं. "आधी ती मोज, मंग वावर."

मला राग आला. तरी तिनं कापडवाल्याकडून त्याचा तीन फुटी लोखंडी गज मागवला. तेहतीस फुटांची साखळी, म्हणजे बरोबर अकरा गज भरायला हवी. ती वीतभर कमी भरली. मी पुन्हा मोजली. तेवढीच. मधल्या काही कड्या काढून ती सांधलेली होती. आखूड साखळीनं वावर मोठं दिसतं, आणि मोठ्या वावराला सारा जास्त. शेतकरी साखळीकडे नव्हे, माझ्याकडे बघत होते.

धुळ्याला परतून मी साहेबांना लेखी कळवलं. त्यांनी कागद वाचला, घडी घातली.

"गावानं तुम्हाला काय दिलं?"

"काही नाही, साहेब. पण याच साखळीनं आधी कुठली गावं मोजली?"

त्यांनी घडी केलेला कागद खणात टाकला आणि खण लावून घेतला. त्या गावाची मोजणी नव्या साखळीनं झाली, पण माझ्या हातून नाही. महिन्याभरात माझी बदली शिंदखेड्याला झाली. कड्या झिजल्या म्हणून काढल्या की मुद्दाम, ते मला कधीच कळलं नाही. मात्र तिथं पोचल्यावर कामाला लागण्याआधी मी बाजारात जाऊन स्वतःचा एक गज विकत घेतला.