वास्तुशांतीच्या दिवशीचा फोटो

देवासच्या लोकअदालतीत काकांचं प्रकरण लागलं, तेव्हा मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. बातमीदार म्हणून ते आवार ओळखीचं होतं. नातेवाईक म्हणून पहिल्यांदाच गेलो.

काका निवृत्त शिक्षक. निवृत्तीच्या पैशांतून त्यांनी घर बांधलं. ठेकेदार जिल्ह्यातल्याच बागलीचा होता. प्लास्टर चालू असतानाच पावसाळ्यात देवघरावरचा स्लॅब गळला. ठेकेदार म्हणाला, सुकेल. ओल सुकली, डाग राहिला. हिवाळ्यात वास्तुशांत झाली. त्यानंतर काकांनी शेवटचा हप्ता अडवला. गच्ची दुरुस्त करायला त्यांच्याजवळ तेवढीच रक्कम उरली होती. ठेकेदाराने दावा लावला.

टेबलापलीकडे न्यायाधीश आणि एक वकील बसले होते. ठेकेदाराने मोबाइल पुढे केला. फोटोत काकू त्याला कुंकू लावत होत्या, काका शाल पांघरवत होते, त्याच्या हातात श्रीफळ होतं. डागावर आंब्याच्या डहाळ्या होत्या. त्या काकांनीच बांधल्या होत्या.

"साब, जिसके काम से नाराज़ हो, उसको कोई शाल ओढ़ाता है क्या?"

मागून कुणीतरी म्हणालं, "भिया, माट्साब ने तो कॉपी जाँच के पास कर दिया!" मास्तरांनीच पेपर तपासून पास केलंय म्हटल्यावर लोक हसले.

काकांनी हिंदीत समजावलं की घर बांधणाऱ्याचा मान करणं ही आमच्याकडची रीत आहे.

"उस दिन छत की बात कही थी?" न्यायाधीशांनी विचारलं.

"शुभ दिन था. ऐसी बात नहीं करते."

"मतलब सम्मान दिखावे का था?"

काकांनी हो म्हटलं असतं, तर त्यांची बाजू उभी राहिली असती. त्यांनी मागे बसलेल्या काकूंकडे पाहिलं.

"दिखावा कसला?" काकू मराठीत म्हणाल्या. "मी कुंकू लावलंय त्याला."

ते वाक्य न्यायाधीशांना कळलं नाही. काकांनी स्वतःच त्याचं हिंदी करून सांगितलं, एक शब्दही न गाळता.

तडजोड झाली. हप्ता पूर्ण द्यायचा. गच्चीचं वॉटरप्रूफिंग ठेकेदाराने पावसाळ्याआधी स्वतःच्या खर्चाने करायचं. काकांनी सही केली. आता गच्ची पुन्हा गळली, तर दुरुस्तीला हाताशी काही नव्हतं.

वैशाखात ठेकेदार आला. त्याने काम केलं. नीट केलं की नाही, ते गच्चीकडे पाहून कळण्यासारखं नव्हतं. तो निघाला तेव्हा काकू सवयीने तबकात नारळ घेऊन बाहेर आल्या.

"राहू दे," काका म्हणाले. "आधी पाऊस होऊन जाऊ दे."

ठेकेदाराला मराठी येत नव्हती. तबक थांबलेलं त्याला दिसलं.

"ठीक है, माट्साब," तो म्हणाला आणि चहा न घेता गेला.

काकूंनी नारळ देवघरात ठेवला, त्या डागाच्या खाली.