नानांची खाच

आमच्या कारखान्यात नवा चाकू तयार झाला की नाना फिटर तो आधी स्वतःच्या कमरेला खोचत आणि टूलरूमच्या अंगणात उठाबशा काढत. पन्नाशीचा सडपातळ माणूस, खाकी पँट, तोंडानं मोजणी चालू. येणारेजाणारे विचारत, "नाना, कुस्तीत उतरनार का?" नाना मोजणी न तोडता म्हणत, "शंभर होऊ दे, मंग सांगस."

जळगावच्या औद्योगिक वसाहतीत आमचा प्लास्टिकच्या चटयांचा कारखाना होता. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. चटयांच्या कडा बायका कापत, तेही लोखंड कापायच्या हॅक्सॉ ब्लेडच्या तुकड्याला सायकलची ट्यूब गुंडाळून. रोज कुणाचं ना कुणाचं बोट कापायचं. मी सुपरवायझर; आयोडीनची बाटली माझ्याच टेबलावर असे. नानांनी मात्र चार दिवस नुसतं उभं राहून पाहिलं. चटईचा गठ्ठा उचलायला दोन्ही हात लागतात, म्हणून बायका चाकू कमरेला खोचून वाकतात, हे त्यांच्या लक्षात आलं. मला म्हणाले, "साहेब, बाया चाकू टेबलवर नही ठेवतस, कंबरले खोचतस. मंग कंबरले इचारीसनच बनाडना पडी."

आणि त्यांनी बनवला. पातं मुठीत सरकणारं, वर बटण, आत दोन खाचा. पातं बाहेर काढलं की बटण एका खाचेत बसे आणि जोर दिला तरी पातं मागे जात नसे. आत घेतलं की दुसऱ्या खाचेत बसे. मग बटण दाबल्याशिवाय पातं बाहेर येत नसे. बसताना टक् असा आवाज व्हायचा. "हाऊ आवाज उना म्हंजे चाकू झोपना," असं ते बायकांना शिकवत.

पण दाबून सरकवायला एक क्षण जास्त लागायचा, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर मालाची घाई होती. आमच्यात सर्वांत चपळ पाचोऱ्याकडची सुमनअक्का. तिचा चाकू मी मागून घेतला आणि पातं आत धरून ठेवणारी खाच कानशीनं घासून टाकली. झटका दिला की पातं बाहेर. कामाचा वेग वाढला तर सगळेच चाकू तसे करायचे, असा माझा बेत.

अक्का म्हणाली, "भाऊ, हाऊ सैल लागस."

मी म्हणालो, "नानांनीच सैल करून दिलाय. सवय होईल."

तिसऱ्या दिवशी ती गठ्ठा उचलायला वाकली, तेव्हा कमरेला तोंड वर करून खोचलेल्या चाकूचं पातं आपोआप बाहेर आलं. उठून तिनं सवयीनं त्याला हात घातला. उजव्या हाताची दोन बोटं आतून कापली गेली. जखम भरली, पण ती बोटं पुन्हा मिटली नाहीत. अपघाताच्या नोंदवहीत मी माझ्या हातानं लिहिलं : "चाकूची खाच सदोष." तो चाकू भंगारात गेला असं सांगितलं आणि घरी नेऊन कपाटात ठेवला. टाकून द्यायचंही धैर्य झालं नाही.

नानांचे सगळे चाकू परत घेतले गेले. बायकांच्या हाती पुन्हा हॅक्सॉचे तुकडे आले. नाना अक्काच्या गावी भेटायला गेले, तर तिनं तोंड फिरवलं. का फिरवलं हे त्यांना कळलं नाही. मला कळत होतं.

दुसरा कुणी असता तर त्यानं नाद सोडला असता. नानांनी उरलेले सगळे चाकू उघडून पाहिले, एकाही खाचेत दोष सापडेना. मग नवे नमुने सुरू झाले. दुसरा, तिसरा, चौथा. उठाबशा शंभराच्या दोनशे झाल्या. दर एक-दोन महिन्यांनी मला विचारत, "साहेब, तो चाकू भेटना का? एकडाव हातमा भेटता तर मनी चूक माले समजती." मी नकारार्थी मान हलवायचो. अंगठा उचलला की पातं आपोआप आत जाईल, असा पाचवा नमुना त्यांनी निवृत्तीच्या वर्षी पूर्ण केला. तो कारखान्यानं घेतला आणि पुढं शेजारच्यांनीही. त्यांचं समाधान मात्र झालं नव्हतं. आपल्या गावी, धुळ्याला परत जायच्या बसमध्ये चढतानाही त्यांनी तेच विचारलं.

नव्वदचं दशक संपता संपता मी तो चाकू घेऊन धुळ्याला गेलो. नानांची दृष्टी गेली होती. मी चाकू त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी बटण काढलं, आत बोट घातलं, बराच वेळ फिरवलं.

"हाई खाच कोनी घासी? हात कच्चा शे."

"मी घासली, नाना." मग अक्काला काय सांगितलं होतं, तेही सांगितलं.

मला वाटलं, चाकू अंगावर फेकतील. ते खाटेवर ताठ बसले. "म्हंजे मनी खाच बरोबर व्हती," एवढंच म्हणाले. पुन्हा एकदा म्हणाले. मग माझ्याकडे तोंड करून, आयुष्यात पहिल्यांदा साहेब न म्हणता, "लिख. बठ्ठं लिख. आनि आक्काले वाची दखाड."

ते करायला मी इतकी वर्षं लावली की तोवर नाना गेले.

गेल्या महिन्यात पाचोऱ्याजवळच्या त्या गावी जाऊन वरचं सगळं अक्काला वाचून दाखवलं. ती उठून आत गेली आणि फडक्यात गुंडाळलेला एक चाकू घेऊन आली. नाना भेटायला आले होते तेव्हा ठेवून गेलेला, दोन बोटं न मिटणाऱ्या हाताला धरता यावा म्हणून रुंद मुठीचा. तिनं तो कधीच वापरला नव्हता.

तिनं पातं बाहेर काढलं, आत घेतलं. टक्. चाकू कमरेला खोचला, गुडघ्यावर हात ठेवून सावकाश वाकली, उठली. मग पदर बाजूला करून पाहिलं.

पातं आतच होतं.