हजारातले एकोणसत्तर

सुताराला राग यावा तर कशाचा? लाकूड ओलं निघालं, गिऱ्हाइकानं ऐन वेळी दाराची बाजू बदलली, इथवर कुणालाही पटेल. पण आमच्या मिस्त्रींना मापात सूतभर फरक दिसला तरी तळपायाची आग मस्तकात जायची. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. "सूतभर कमी नाही, सूतभर जास्त नाही," हे चाळीस वर्षांत त्यांनी इतक्यांदा ऐकवलं होतं, की लोक पाठीमागे त्यांना सूतभरच म्हणत. एकदा पाहुणे म्हणून गेलेल्या घरातली खिडकी तिरकी दिसली, तर हा गृहस्थ गप्पा अर्ध्यावर टाकून काटकोन तपासायचा गुण्या आणायला उठला होता.

असा माणूस नवा कॉम्प्युटर घेतो तेव्हा आधी काय बघणार? मापच. कपाटांचे आराखडे आणि गिऱ्हाइकांच्या घरांचे फोटो ठेवायला जुनं मशीन कुरकुरत होतं, म्हणून मुलीनं हे नवं निवडलं. ती सहा महिन्यांपासून कॉम्प्युटरच्या दुकानात नोकरीला होती. "हजार जीबी जागा आहे बाबा, जन्मभर पुरेल," ती म्हणाली. खोक्यावर तेच अंगठ्याएवढ्या अक्षरांत छापलेलं होतं.

संध्याकाळी मिस्त्रींनी चष्मा चढवून डिस्कची खिडकी उघडली. एकूण जागा, नऊशे एकतीस. रिकामी नव्हे, एकूण! त्यांनी चष्मा पुसला, मशीन बंद करून चालू केलं, पुन्हा नऊशे एकतीस. मग कानावरची पेन्सिल काढून हातातल्या ढलपीवर वजाबाकी मांडली.

"एकोणसत्तर गायब!" ते कडाडले. "सूतभर नव्हे, कपाटाचा अख्खा खण कापून नेलाय, आणि वर दार लावून दिलंय!"

"तुमचं सगळं सामान मिळून बारा जीबी होतंय म्हणे," बायको म्हणाली. "मग एवढी आदळआपट कशाला?"

"गिऱ्हाइकाकडे दोनच सदरे आहेत म्हणून मी कपाट तोकडं करतो का?"

बायकोकडे यावर उत्तर होतं, पण लग्नाला तीस वर्षं झाली होती. तिनं ताटं घेतली.

सकाळी मुलगी दुकानात पोचते न पोचते तोच मागोमाग मिस्त्री, काखेत खोकं. काउंटरपाशी चार गिऱ्हाइकं उभी होती. मिस्त्रींनी खोकं आपटलं.

"वाच हा आकडा."

"हजार."

"आणि आत किती भरले?"

मुलीच्या ध्यानात आलं. हा प्रश्न तिला आठवड्यातून दोनदा तरी यायचा. "बाबा, जागा कुठंही गेलेली नाही," ती समजुतीनं म्हणाली. "कंपनी हजार-हजाराचे गठ्ठे करून मोजते, कॉम्प्युटर एक हजार चोवीसचे करून मोजतो. माल तोच, गठ्ठा मोठा केला की आकडा लहान दिसतो. सगळ्याच कंपन्या असं लिहितात."

"सगळेच लिहितात म्हणून ते खरं होतं? विकताना लहान गठ्ठा, घरी गेल्यावर मोठा?" मिस्त्रींचा आवाज रस्त्यावर ऐकू जायला लागला. आणि मग, थांबायला हवं होतं तिथं ते थांबले नाहीत. "असल्या लबाडीचे धडे गिरवायला येतेस का इथं? मापात मारणारी पोरगी मला घरात नको!"

दोन गिऱ्हाइकं हातातल्या वस्तू ठेवून निघून गेली. आतून मालक आला. तो मिस्त्रींना काही बोलला नाही, मुलीकडे बघून म्हणाला, "घरची भांडणं घरी ठेवायची." तिचे कान लालबुंद झाले. तिनं मान खाली घालून खोकं नीट बंद केलं आणि बापाच्या हातात दिलं.

खोक्याबद्दल मिस्त्रींचं चुकलं, असं मी म्हणणार नाही. ज्या आकड्याचा खुलासा दुकानात उभं राहून करावा लागतो, तो आकडा छापणाऱ्यांना लाज वाटायला हवी. पण ते छापलं कुणी आणि बोलणी खाल्ली कुणी! वड्याचं तेल वांग्यावर, दुसरं काय?

संध्याकाळी मुलगी घरी न जाता थेट बापाच्या सुतारकामाच्या कारखान्यात आली. थप्पीतली एक तयार फळी उचलून तिनं बापासमोर धरली.

"याला काय म्हणता?"

"इंची फळी."

"गिऱ्हाइकाला कागदावर काय लिहून देता?"

"इंची फळी. का?"

"जाडीला टेप लावा."

टेप लावायची गरज नव्हती, अंगठ्याला माप ठाऊक होतं. तरी लावली. पाऊण इंच, वर केसभर.

"अगं, करवतीतून निघते तेव्हा इंचभरच असते," मिस्त्री म्हणाले. "दोन्ही बाजूंनी रंधा मारला की उतरणारच. सगळेच सुतार इंची म्हणतात, सगळेच..." आणि हातातली टेप सर्रकन मिटली.

"सगळेच," मुलगी म्हणाली. "पण मी तुम्हाला चारचौघांत चोर म्हटलं नाही."

फळी ठेवून ती निघून गेली.

त्यानंतर चार दिवस अबोला. दोन हातांवर बाप बसलेला असताना ती आईला म्हणायची, "त्यांना विचार, दिवा मालवू का." मिस्त्री धुमसत होते. कंपनीवर, करवतीच्या गिरणीवर, आजोबांच्या काळापासून पाऊण इंचाला इंच म्हणत आलेल्या सगळ्या सुतारजातीवर. शेवटी स्वतःवर, आणि ते सगळ्यांत जड गेलं, कारण स्वतःवर ओरडायचं कसं हे त्यांना कधी जमलंच नव्हतं.

पाचव्या दिवशी कामावर जाताना मुलगी कारखान्यासमोर थबकली. दाराशी नवी पाटी होती, पटाशीनं कोरलेली: "इंची फळी रंध्यानंतर पाऊण इंच भरते. मोजून घ्यावी." आत मिस्त्री दुसरी पाटी पुसत उभे होते. तिच्यावर होतं: "खोक्यावर हजार, कॉम्प्युटरवर नऊशे एकतीस. घेण्याआधी विचारा."

"ही तुझ्या दुकानाची," ते तिच्याकडे न बघता गुरकावले. "मालकाला सांग, काउंटरवर मीच ठोकणार. तुला चारचौघांत जे बोललो, ते चारचौघांतच परत घेणार. माझं चुकलं. पण खोकं लबाडच आहे, ते परत घेणार नाही!"

मुलीनं बापाच्या खिशातली टेप काढली आणि पाटीच्या कडेला लावली. दीड इंची लाकूड घेऊन, रंधा मारमारून उतरवलेली ती फळी जाडीला बरोबर एक इंच भरली. सूतभर कमी नाही, सूतभर जास्त नाही.

तिनं पाटी काखेत मारली.

"बाबा," ती म्हणाली, "खिळे घ्या."