पोस्टरवरचा धनसिंग

धनसिंग पावरा शिरपूरच्या वरचा, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या पाड्यावरचा. आश्रमशाळेत शिकला, धुळ्याला शेतकीची पदवी घेतली आणि जळगावच्या एमआयडीसीत ‘पूर्णांकुर सीड्स’मध्ये बियाण्याची उगवण तपासायला लागला. काम चोख होतं, पण साहेबांसमोर बोलायची वेळ आली की तो फाईलमध्ये डोकं घालायचा. पहिल्याच वर्षी चहाच्या टपरीवर कुणीतरी त्याला ‘जंगलसाहेब’ म्हटलं आणि ते नाव चिकटलं. तो हसून चहा प्यायचा.

यंदा पुण्याच्या हेड ऑफिसातून आदेश आला. आपली कंपनी सगळ्या समाजांना सामावून घेते, हे दाखवणारा सप्ताह साजरा करायचा होता. एचआरच्या मेघा पाटील त्याच्या टेबलाशी आल्या. त्या पारोळ्याच्या, बोलायला मोकळ्या.

“धनसिंगभाऊ, पोस्टरवर तुमचा फोटो घ्यायचाय. मोरपिसांचा टोप, कमरेला घुंगरं, धनुष्य. बठ्ठं, सगळंच भाड्याने मागवलंय.”

“मॅडम, तो नुसता पोशाख नाही,” धनसिंग म्हणाला. “होळीला ज्याची मानता, म्हणजे नवस, असते, तोच तसा सजतो. खाटेवर झोपत नाही, स्वतःचं स्वतः रांधतो. उगाच नाही घालत कोणी.”

मेघांनी हातातल्या यादीवर नजर टाकली. “कळतंय हो मला. पण वरून तुमचंच नाव आलंय. दुसरं आहे कोण आपल्याकडे?”

खरंच कोणी नव्हतं. शिवाय सहायक व्यवस्थापकाची जागा रिकामी होती आणि त्याने तिच्यासाठी अर्ज केला होता. तो उठला.

“जरा रागाने बघा की,” फोटोग्राफर म्हणाला. “धनुष्य वर.” काचेपलीकडे ऑफिसातली माणसं मोबाईल धरून उभी होती. धनसिंगने धनुष्य वर केलं.

फोटो फिरत फिरत पाड्यावर पोचला. वडिलांचा, वना पावराचा, फोन आला.

“कोणाची मानता होती रे?”

“कोणाची नाही, बा. कंपनीचं काम होतं.”

पलीकडे बकऱ्या ओरडत होत्या. मग “बरं” म्हणून वनाने फोन ठेवला.

पुढच्या आठवड्यात विभागप्रमुख भूषण चौधरींनी केबिनमध्ये बोलावलं. आधी खुर्ची दिली, चहा मागवला.

“तुझ्या कामाबद्दल प्रश्नच नाही. पण ही जागा डीलर लोकांत फिरायची. रावेरकडचे मोठे शेतकरी तुझ्याशी कितपत मोकळे होतील? माझ्या मनात तसं काही नाही हं, मी बाजाराचं सांगतोय. सेल्समधल्या नव्या तेजसला घेतोय आपण. महिनाभर त्याला तुझ्याजवळ बसवून काम शिकव.”

खोलीवर आरशासमोर धनसिंगने कितीतरी वाक्यं घोळवली होती.

“हो सर,” तो म्हणाला.

बाहेर पॅसेजमध्ये मेघा उभ्या होत्या. “मी बोलले होते तुमच्यासाठी,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. त्याला ते खरं वाटलं. त्यांचंही तिथे कितीसं चालत होतं?

“आणखी एक होतं, भाऊ. शुक्रवारी पुण्याचे पाहुणे येताहेत. तुम्हाला इथे किती आपलेपणा वाटतो, यावर स्टेजवर दोन मिनिटं बोलायचंय. मी लिहून देईन.”

धनसिंगने भिंतीवरच्या आपल्याच पोस्टरकडे पाठ केली.

“सोपं लिहा, मॅडम,” तो म्हणाला. “जंगलसाहेबाला जोडाक्षरं अडतात.”