दोरीखालची माती

"म्हंजे शिसं जाणार नाही?"

"नाही. मातीतच राहणार. पण हाडांचा हा चुरा त्याला धरून ठेवतो. मग चुकून माती पोटात गेली, तरी अंगात फार भिनत नाही."

"म्हंजे माझ्यासारखंच की बाई. कामावरून काढलं, तरी भट्टी काही अंगातून गेली नाही."

माती तपासणाऱ्या बाई हसल्या नाहीत. त्याचंही तोंड उतरलं.

जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायच्या कामावर त्याची अठरा वर्षं गेली. तिथले लोक त्याला नवरदेव म्हणायचे, असा टापटिपीचा गडी. संध्याकाळी आला की आधी मागच्या अंगणात जायचा. कामाचे कपडे दोरीवर टाकून काठीनं फटाफटा झोडपायचा. धुळीचा कण घरात येऊ द्यायचा नाही. शेजारणी आपापल्या नवऱ्यांना टोमणे मारायच्या, "बघा, शिका जरा!"

दोरीवरच्या कपड्यांची सावली बरी, म्हणून थोरली पोर तिथंच खेळायची. चिखलाची भांडी करायची, बोटं चाटायची. आता नऊ वर्षांची झाली, तरी आकडे बाराच्या पुढं सरकत नाहीत. डॉक्टरांनी रक्त तपासलं तेव्हा कुठं उलगडा झाला. बायको भांडलीसुद्धा नाही. थोरलीला आणि रांगत्या धाकटीला घेऊन माहेरी गेली. जाताना एवढंच म्हणाली, "माती पास झाली की येते."

तेव्हापासून तो अंगण खणतोय. ढेकळं फोडायची, चुरा कालवायचा, पाणी मारायचं. धूळ म्हणून उडू द्यायची नाही.

पाच महिन्यांनी बाईंनी कागद हातात ठेवला. त्यानं लगेच फोन लावला.

"अगं, अंगण पास झालं!"

"सगळं?"

त्यानं कागदाची घडी घातली.

"दोरीखालचं?"

"तेवढं राहिलंय. आणखी एकदा चुरा घालायचा म्हणतात."

"मग घाला." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "ही बघा, बोलायचं म्हणते."

"बाबा, किती घमेली राहिली?" थोरलीनं विचारलं.

"बारा."

"अय्या, बाराच? मोजते हं. एक, दोन..." बाराला पोचली आणि खुदकन हसली. "झालं की!"

"झालं, बाळा."

फोन ठेवून त्यानं नाकाला ओलं फडकं बांधलं. चुऱ्याच्या पोत्यांची थप्पी भिंतीच्या अर्ध्यावर होती. त्यातलं वरचं पोतं ओढून त्यानं घमेलं भरलं.